दूध बंद, बदाम चालू: घरातल्या पथ्याचं गणित कुठं उलटं झालंय?

मुतखड्याच्या पथ्याबद्दल एका वाचक ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे (ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत). वाचक पस्तिशीच्या, राहायला कोल्हापुरात, घरात नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. नवरा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीजवळ कामाला, तरुणपणी तालमीत जायचा, खुराकाची सवय अजून आहे. मध्यंतरी रात्री त्याच्या कुशीत असलं दुखायला लागलं की शेजारच्यांच्या गाडीतून दवाखाना गाठावा लागला, मूत्रनलिकेत ८ मिलिमीटरचा खडा निघाला, तो दुर्बिणीतून लेझरनं फोडला, स्टेंट (मूत्रनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) घातला, नंतर काढला. फोडलेल्या खड्याचे तुकडे डबीत घालून दिले होते, ते शोकेसमध्ये आहेत, पाहुण्यांना दाखवायला. तेव्हापासून घरात दूध, दही, टोमॅटो, वांगी, भेंडी, पेरू, पालक सगळं बंद. सासूबाईंनी नातवाचंही दूध बंद केलं ("बापाचं पोराला येतंय") आणि हाडांसाठी डॉक्टरांनी त्यांना दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यासुद्धा. खुराकाचे बदाम मात्र चालू, दूध नाही म्हणून पाण्यात वाटून. बुधवार-रविवारचं मटण चालू, कारण त्यात बिया नसतात. परवा सोनोग्राफीत दुसऱ्या किडनीत ४ मिलिमीटरचा खडा दिसला, आणि शेजारच्यांनी सांगितलं की बोअरच्या पाण्यानं होतंय, आरओ बसवा. दोन वेगळे स्वयंपाक करून वाचक दमल्यात. त्या विचारतात, "एवढं पथ्य करूनही परत खडा कसा झाला? माझ्या हातून काय चुकतंय? अजून काय काय बंद करू त्याची पूर्ण यादी द्या."

ताई, यादी देणार नाहीये, रागावू नका. आधी एक काम करा, मुलाचं दूध आजच्या आज चालू करा. घरात कुणाला खडा झाला असेल तर पुढच्या पिढीत शक्यता वाढते हे सासूबाईंचं बरोबर आहे, पण दूध तोडल्यानं ती कमी होत नाही, उलट नऊ वर्षांच्या वाढत्या पोराची हाडं उपाशी राहतात. त्याला जपायचंच असेल तर शाळेत दिलेली पाण्याची बाटली भरलेलीच परत येतीय का ते बघा आणि पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटं कमी करा. सासूबाईंच्या गोळ्याही त्यांनी मनानं बंद करायला नको होत्या, त्यांना स्वतःला खड्याचा त्रास कधी झालेला नाही. गोळ्यांचं प्रकरण दुधापेक्षा थोडं वेगळं आहे हे खरंय, २००६ साली अमेरिकेतला छत्तीस हजार बायकांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त दिसलं. म्हणून गोळी उपाशीपोटी न घेता जेवणाबरोबर घ्यायची, आणि चालू ठेवायची की नाही ते ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं, सुनेला किंवा मला विचारून नाही.

आता नवऱ्याचं. परत खडा "झाला" असं तुम्ही लिहिलंय, पण तो नव्यानं झालाय हे कशावरून? पहिल्या वेळी दुखत होतं त्या बाजूकडं सगळ्यांचं लक्ष होतं, दुसऱ्या बाजूला छोटा खडा तेव्हाही असू शकतो. त्या वेळचा सीटी स्कॅनचा किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट काढा, दुसऱ्या किडनीबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि पुढच्या भेटीला दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. जुनाच असेल तर "एवढं करूनही" हे जे ओझं तुम्ही डोक्यावर घेतलंय ते निम्मं तिथंच उतरेल. नवीन असेल तर मग पथ्य बघायला लागेल, आणि खरं सांगू का, ते तसंही बघायलाच पाहिजे, कारण तुमच्या घरातलं पथ्य मला जवळपास पूर्ण उलटं दिसतंय. बंद करायचं ते चालू आणि चालू ठेवायचं ते बंद.

बहुतेक खडे, दहातले सात-आठ, कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. नावात कॅल्शियम आहे म्हटल्यावर दूध बंद करावं असं कुणालाही वाटणारच, डॉक्टर लोकसुद्धा एके काळी हेच सांगत होते. मग १९९३ साली अमेरिकेत पंचेचाळीस हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला त्यात दिसलं की जेवणातून जास्त कॅल्शियम खाणाऱ्यांना खडे कमी होतात. पुढं इटलीत पार्माला डॉ. बोर्घी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे साठ-साठचे दोन गट केले, एका गटाचं दूध-दही तोडलं, दुसऱ्याला नेहमीएवढं कॅल्शियम खाऊ दिलं पण मीठ आणि मांस कमी केलं. त्या पाच वर्षांच्या अभ्यासाचे आकडे २००२ साली छापून आले, दूध तोडलेल्या साठातल्या २३ जणांना परत खडा आणि दूध चालू ठेवलेल्या साठातल्या १२ जणांना. निम्मे! आणि तुमच्या घरात काय चाललंय बघा, दूध तोडलंय, मीठ-मटण तसंच. म्हणजे त्यातल्या हरलेल्या गटाचं पथ्य, वर मटण फुकट.

असं का होतं तर ऑक्झलेट हा पालेभाज्या, दाणे, बदाम यांच्यातून पोटात येणारा पदार्थ, त्याच जेवणात कॅल्शियम असलं की दोघं आतड्यातच एकमेकांना धरतात आणि सकाळी संडासवाटे निघून जातात. कॅल्शियम नसलं की ऑक्झलेट मोकाट सुटतं, रक्तात जातं, तिथून किडनीत, आणि तिथं त्याला कॅल्शियम भेटतंच, कारण ते शरीरात कायम असतंच. आता तुमचा बदामाचा खुराक घ्या. मूठभर बदामात शंभरेक मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं, बदाम या बाबतीत वरच्या नंबरात आहेत. आधी ते दुधात वाटले जायचे, तेव्हा निदान जोडीला कॅल्शियम होतं. आता पाण्यात. सगळ्या घरात ही एकच गोष्ट वाचून मी कपाळाला हात लावला, कारण करणाऱ्यानं मनापासून काळजीनं केलीय आणि होतंय नेमकं उलटं. चार-पाच बदाम, तेही दुधात, एवढ्यावर आणा, पैलवानकी सुटून पंधरा वर्षं झाली असतील तर त्याच्यावर खुराकाची गरजपण नाही.

दिवसाला मोठ्या माणसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. म्हशीच्या दुधाच्या एका मोठ्या ग्लासात तीनशेच्या वर येतं, म्हणजे एक ग्लास दूध, दुपारी डब्याबरोबर वाटीभर दही, रात्री ताक, बाकीचं भाकरी-डाळ-भाजीतून. तीन वेळच्या खाण्यात वाटून, हे महत्त्वाचं, एकदम झोपताना लिटरभर नाही. (गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तुमच्या साहेबांना आवडतं असं लिहिलंय. कोल्हापुरात राहून त्याच्या विरोधात बोलायची माझी छाती नाही, पण कच्च्या दुधातून इतर आजार येतात, घरी आणून उकळून प्या एवढंच म्हणते.)

टोमॅटो, वांगी, भेंडी, पेरू. ताई, हे बियांचं भूत आपल्याकडं कुणी बसवलं देव जाणे. भाजीतली बी अख्खीच्या अख्खी रक्तात जात नाही, ती पोटातून येते तशी बाहेर पडते, किडनीचा आणि तिचा रस्ताच वेगळा. टोमॅटोत ऑक्झलेट अगदी किरकोळ आहे, पालकात त्याच वजनाला कित्येकशे मिलिग्रॅम. तेव्हा टोमॅटो, वांगी, पेरू बिनधास्त परत आणा, भेंडीही आणा पण बेतानं, फळं-भाज्या भरपूर खाणं खड्यासाठी चांगलंच असतं. खरंच हात आखडायचा तो पालक, अळू, चुका, लाल माठ, राजगिरा, बीट, रताळं आणि बदाम-काजू यांच्यावर, आणि तोही कायमचा बंद म्हणून नाही. पालक महिन्यातनं एक-दोनदा, चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, बरंचसं ऑक्झलेट पाण्याबरोबर जातं, आणि भाजीत दही किंवा पनीर घालायचं. अळूचं फदफदं केलं तर त्या दिवशी जेवणात ताक असू दे. मेथीत पालकापेक्षा बरंच कमी असतं, ती करा. शेंगदाण्याचा कूट प्रत्येक भाजीत दोन-दोन मुठी जात असेल तर तो चमच्यावर आणा, आपल्याकडं कुटाशिवाय भाजी होत नाही हे मला माहितीय, मीपण तिथलीच.

आणि मीठ. आता मी जरा वेळ घेणार आहे कारण माझ्या मते तुमच्या घरात मुख्य गुन्हेगार हा आहे आणि त्याला कुणी हातच लावलेला नाही. किडनी जास्तीचं मीठ लघवीतून बाहेर टाकते तेव्हा त्याच्याबरोबर कॅल्शियमही ओढलं जातं, म्हणजे दूध बंद करून जे साधायचं होतं ते मीठ कमी करून साधतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, सपाट चहाचा चमचा एक, सगळं धरून. तुमच्या घरासाठी सोपा हिशोब सांगते, चार माणसांचे दिवसाला २० ग्रॅम म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस पुरला पाहिजे. खरंतर जास्तच पुरला पाहिजे, कारण बाहेरचं मीठ वेगळंच पोटात जातंय, आणि पोराचा वाटा मोठ्यांपेक्षा कमी. पुढचा पुडा फोडाल त्या दिवशी त्याच्यावर पेनानं तारीख टाका. महिन्याच्या आत संपला (लोणची-पापड घातले नसताना) तर उत्तर मिळालं.

आपलं कोल्हापूरचं खाणं तिखट म्हणून बदनाम आहे, तिखटानं खडा होत नाही, पण तिखट पेलायला मीठ जास्त पडतं हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला माहितीय. कांदा-लसणाच्या चटणीत मीठ असतं आणि वर भाजीत आपण परत घालतो. खर्डा, भडंग, फरसाण, मिसळीचा कट, वर शेव, सुकट-बोंबील, पापड. रविवारी तांबडा-पांढऱ्याच्या वाट्या किती होतात कधी मोजल्यात का? मटणाचे तुकडे चार आणि रस्सा पाच वाट्या असं जेवण आपल्याकडं होतं, तिथं मीठ वाट्यांनी जातं. सैंधव किंवा काळं मीठ घातलं तर चालतं का असं लगेच विचारतील घरात, तर नाही, तेही मीठच आहे, किडनीला दोन्ही सारखीच. पोटात गॅस झाला की इनो घ्यायची सवय असेल तर त्यातही सोडियम आहे. कमी सोडियमचं म्हणून एक मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, ते किडनीचं काम कमी झालेल्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना धोक्याचं ठरू शकतं, विचारल्याशिवाय आणू नका.

यासाठी दोन स्वयंपाक कशाला? एकच करा आणि सगळ्यांचंच मीठ कमी करा, सासूबाईंच्या बीपीलाही बरं, पोरालाही बरं. एकदम नाही, आठवड्या-आठवड्यानं थोडं थोडं, जीभ महिनाभरात सरावते. भाकरीत आपण मीठ घालतच नाही, तसंच भातात आणि चपातीच्या कणकेत घालायचं सोडून द्या, आमटीबरोबर कुणाला कळणारसुद्धा नाही. वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं, भाजलेला लसूण. मिठाचं भांडं ताटाजवळ ठेवायचं नाही. एक अपवाद सांगून ठेवते, भट्टीजवळ घाम गाळणाऱ्याचं मीठ घामातूनही जातं, म्हणून त्याला अळणी ठेवायचा हट्ट करू नका, उन्हाळ्यात चक्कर, पायात गोळे असं व्हायला लागलं तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

मटण बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर माझं पुढचं कुणी वाचणारपण नाही. पण मटण-चिकन-मासे-अंडी जास्त झाली की लघवी आंबट होते, युरिक ॲसिड वाढतं आणि सायट्रेट नावाचा, खडा होऊ न देणारा पदार्थ कमी होतो. आठवड्यातनं दोनदा खाणं ठीक आहे, एका वेळी तीन-चार तुकडे, काळीज-वजडी क्वचित, रस्सा एक वाटी तांबडा एक वाटी पांढरा बास. आणि त्या दिवशी ताटात कांदा-काकडी-लिंबू दिसलं पाहिजे. बुधवारी रात्री मटण, गुरुवारी सकाळी उरलेला रस्सा आणि दुपारी बाहेर अंडा-बुर्जी असं चालत असेल तर ते दोनदा नव्हे, ते रोजचंच झालं.

इथवर ताटाचं झालं. पण ताई, तुमच्या पत्रात दोन पानं ताटावर आहेत आणि पाण्यावर एक ओळ, "पाणी तसं पितात ते." तसं म्हणजे किती?

गुऱ्हाळात काहिलीतला रस आटला की गूळ बसतो, रस पातळ राहिला तर बसत नाही. भट्टीजवळ आठ तास घाम गाळणाऱ्या माणसाच्या किडनीत हेच आटवणं रोज चालू आहे. बोर्घींनीच १९९६ साली हेही तपासलं होतं, पहिल्यांदा खडा झालेल्या १९९ लोकांतल्या निम्म्यांना पाणी वाढवायला सांगितलं, बाकी काहीच बदललं नाही, पाच वर्षांत पाणी वाढवलेल्यांतल्या १२ टक्क्यांना परत खडा आणि बाकीच्यांत २७ टक्क्यांना. नुसत्या पाण्यानं! दुधाचा, बियांचा, कशाचाच संबंध नाही.

हिशोब प्यायलेल्या पाण्याचा नसतो, बाहेर पडणाऱ्या लघवीचा असतो, दिवसाला अडीच लिटर झाली पाहिजे. सावलीत बसणाऱ्याला त्यासाठी तीन लिटर पाणी पुरत असेल तर भट्टीवाल्याला चार-पाच लागेल, घामावर आहे. एका सुट्टीच्या दिवशी आणि एका कामाच्या दिवशी त्यांनी मापाच्या जुन्या जगमध्ये मोजून बघावं, लाजायचं काय त्यात, दोन दिवसांतला फरक बघून तेच गप्प होतील. रोज मोजायची गरज नाही, रंग बघायचा, फिकट गवताळ असला की ठीक, शिफ्ट संपताना गर्द पिवळा असला तर त्या दिवशी कमी पडलं. एकदम दीड लिटर ढोसून भागत नाही, तासातासाला ग्लासभर, झोपायच्या आधी एक, आणि रात्री उठलेच तर परत एक, कारण रात्रीच लघवी सगळ्यात घट्ट होते. (हे सगळं ज्यांना हृदयाचा किंवा किडनी निकामी होण्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांच्यासाठी अजिबात नाही, हे इतर वाचकांनीही लक्षात घ्यावं.)

आणि इथंच मला तुमच्या प्रश्नाबद्दल थोडं बोलायचंय. "माझ्या हातून काय चुकतंय" असं तुम्ही विचारता. तुमच्या हातात डबा आहे, तो तुम्ही जीव ओतून देताय. पाण्याची बाटली तुमच्या हातात नाही, ती शिरोलीत आहे. अडतीस-चाळीस वर्षांच्या माणसाचा खडा ही बायकोच्या स्वयंपाकाची परीक्षा कशी काय झाली? त्यांना एकदा निवांत विचारा, रागानं नाही, की दिवसभर पाणी का होत नाही. माझ्याकडं येणारे कारखान्यातले लोक बऱ्याचदा वेगळंच सांगतात, मुतारी लांब आहे, घाण आहे, लाईन सोडून गेलं की सुपरवायझर बघतो, म्हणून ते मुद्दाम कमी पितात. असं असेल तर घरात पालक बंद करून काही होणार नाही, तो विषय कारखान्यात बोलायचा आहे, प्यायचं पाणी आणि मुतारीची सोय ही कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे, आणि एकट्यानं बोलायला अवघड वाटत असेल तर शिफ्टमधल्या चार जणांनी मिळून बोलावं, खडा झालेला तिथं एकटा तोच असेल असं मला वाटत नाही. दोन लिटरचा थर्मास कामाच्या जागेपासून हात लांब करून घेता येईल असा ठेवायचा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकदा रिकामा आणि सुटेपर्यंत परत एकदा. ही जबाबदारी त्यांची, तुम्ही फक्त घरी आल्यावर विचारा, तेही रोज नको.

पाणी बोअरचं की नळाचं यावर डोकं लावू नका. किटलीला पांढरा थर बसतो तो बघून किडनीतही तसाच बसत असणार असं वाटतं, पण खड्यासाठी पाणी जड की हलकं यापेक्षा किती पिताय याला कितीतरी जास्त महत्त्व आहे. पाणी पिण्याजोगं स्वच्छ असलं की झालं. आरओसाठी काढून ठेवलेले पैसे तपासण्यांना ठेवा, त्या पुढं सांगते. चहा चालतो, दुधाचा, पण त्याची साखर मोजा. लिंबूपाणी चांगलं, सायट्रेट मिळतं, दिवसाला दोन लिंबं थर्मासमध्येच पिळली तरी चालतील, फक्त साखर-मीठ न घालता, गाड्यावरचा लिंबूसोडा त्यात धरू नका, त्यात मीठच जास्त. शहाळंही चांगलं. उसाचा रस आणि कोल्ड्रिंक्स यांच्यात साखर एवढी असते की पाणी म्हणून ती धरायचीच नाहीत, कोला तर नकोच. आणि "बिअर मार भावा, खडा पडतोय" हे सांगणारे मित्र असतीलच, बिअरनं तेवढ्यापुरती लघवी वाढते, नंतर शरीर कोरडं पडतं, आणि युरिक ॲसिड वाढतं ते वेगळंच.

हुलग्याचं माडगं घरोघरी देतात, द्या, मला स्वतःला फार आवडतं, डाळीसारखंच पौष्टिक आहे. पण त्यानं तयार झालेला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळतो याचा भक्कम पुरावा नाही, तेव्हा माडगं पितोय म्हणून तपासणी पुढं ढकलायची नाही. पानफुटीची पानं वगैरे तर मुळीच भरवशावर घेऊ नका. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या रोज कुणी घेत असेल तर बंद करा, त्याचं शरीरात ऑक्झलेट होतं. आवळा-लिंबातून येतं तेवढं ठीक.

आता शोकेसमधली डबी. ती उद्या काढा आणि लॅबला द्या! हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं खरं. मी वर जे सगळं लिहिलंय ते खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा आहे असं धरून, कारण शक्यता तीच जास्त. पण तो युरिक ॲसिडचा असला तर पालक-बदामाचा प्रश्नच राहत नाही, मटण आणि लघवीचा आंबटपणा हे मुख्य होतं, आणि तो खडा औषधानं लघवी अल्कली करून विरघळवता येतो, फोडावा लागतोच असं नाही. जंतुसंसर्गाचा खडा असेल तर तिसरंच. म्हणजे पाहुण्यांना दाखवायच्या त्या डबीत तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर आहे. जोडीला, दोन्ही बाजूंना खडा झालाय म्हटल्यावर डॉक्टरांना २४ तासांच्या लघवीच्या तपासणीबद्दल विचारा. एका दिवसाची सगळी लघवी कॅनमध्ये गोळा करून द्यायची असते, त्यात कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, युरिक ॲसिड, सोडियम आणि एकूण लघवी किती हे कळतं. रक्तात कॅल्शियम आणि युरिक ॲसिडही बघतील. ती लघवी नेहमीच्या कामाच्या दिवशीची द्या, तपासणी आहे म्हणून त्या दिवशी मुद्दाम पाच लिटर पाणी प्यायचं नाही, नाहीतर रिपोर्ट शहाण्या माणसाचा येतो आणि खडा मात्र आपल्याच किडनीत राहतो.

४ मिलिमीटरचा खडा किडनीत गप्प बसलाय तोवर घाबरू नका, एवढ्या मापाचे बहुतेक खडे खाली उतरले तरी आपोआप पडतात. पण थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं एकत्र आलं, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर रात्र असली तरी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. अडकलेल्या खड्याच्या मागं जंतुसंसर्ग झाला तर तो काही तासांत जिवावर येतो. आणि कळ चालू असताना बादलीभर पाणी पाजून खडा ढकलायचा प्रयत्न करू नका, त्यानं खडा पडत नाही, दुखणं वाढू शकतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीये पण साहेब नवरात्रात नऊ दिवस उपवास धरतात असं ओझरतं लिहिलंय, म्हणून. अंबाबाईचा उपवास सोडा असं मी सांगणार नाही, पण उपवासाचं ताट एकदा नीट बघा, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, वर मूठभर बदाम, म्हणजे घरातलं सगळं ऑक्झलेट एका ताटात, आणि पाणी नेहमीपेक्षा कमी, तेही कामावर जाऊन. निर्जळी अजिबात नको. वरीचा भात आणि ताक, साबुदाणा केला तर कूट निम्मा आणि वर दही, केळी-पेरू-पपई, संध्याकाळी दूध, राजगिरा-रताळं नऊ दिवसांत एखाद-दुसऱ्या वेळी. सासूबाईंना ताक-दुधाबद्दल पटवायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही, उपवासाला दूध-दही चालतंय हे त्याच सगळ्यांना सांगत असतील.